बोकड टेम्पोतून कधी उतरला? (कापण्याआधीचा ताण आणि मटणाची प्रत)

खाडीपलीकडे

गौरी तोंडावर आल्या की आमच्याकडे (गुहागर तालुका) मटणाच्या दुकानाबाहेर एकच विषय असतो: भाव. तिखटा (मांसाहाराचा) सण, मुंबईकरांनी भरलेली घरं आणि किलोचा आकडा. हा धागा भावाचा नाही. एकच खाटीक, साधारण एकाच वयाचे बोकड, तेच कांदा-खोबऱ्याचं वाटण, तीच चूल. तरी एका खेपेला मटण मऊसूत शिजतं आणि दुसऱ्या खेपेला काळपट, हाताला चिकटणारं निघतं, दुपारपर्यंत त्याला वास सुटतो. असं का होतं?

माझी घरगुती खानावळ आहे, त्यामुळे हा प्रश्न गप्पांपुरता ठेवून भागत नाही. गिऱ्हाईक काही बोलत नाही, फक्त फोडी ताटाच्या कडेला सारून उठतं. यावर सगळे जे सांगतात तेच मीही ऐकत आलो: बोकड जून असेल, बोकडाच्या नावावर पाट (मादी) घातली असेल. मग खाटकाला वयाऐवजी दुसरंच विचारायला लागलो. हा टेम्पोतून उतरला कधी?

उत्तरं तीनच येतात. गावातलाच आहे, वाडीवरून चालत आणलाय. नाहीतर, दोन-तीन दिवस झाले येऊन. नाहीतर, "रात्रीच आलाय". काळपट, चिकट मटण बहुतेक वेळा या तिसऱ्या उत्तरामागून येतं. नेहमीच असं नाही. पण आता ते उत्तर आलं की मी त्या दिवशी सुकं करत नाही, खिम्यावर भागवतो.

"रात्रीच आलाय" या दोन शब्दांत काय काय झालेलं असतं पाहा. आमच्याकडचा बराचसा माल घाटावरचा. लोणंद, आटपाडीसारख्या बाजारांतून शेळ्या-मेंढ्या खाली येतात. बोकड बाजारच्या दिवशी पहाटेच घरातून निघतो. बाजारात त्याचे दात बघतात, कमरेवर हात दाबतात, कान धरून ओढतात. हात बदलतो, कधी दोनदा बदलतो. दुपारनंतर अनोळखी बोकडांबरोबर गाडीत कोंबला जातो. अनोळखी नर एकत्र आले की टकरा आल्याच. मग कऱ्हाड, पाटण आणि रात्री कुंभार्ली घाट. वळणावळणावर चार पायांवर तोल सांभाळत उभं राहायचं, खाली बसलं तर तुडवलं जाण्याची भीती. भाद्रपदात वरून पाऊस, आणि शेळीइतकं पावसाला भिणारं जनावर दुसरं नसेल. पाणी कोण पाजणार? गणपतीत महामार्गाला ट्रॅफिक लागलं तर चिपळूणच्या अलीकडे आणखी दोन-तीन तास. मध्यरात्री उतरवतात, पहाटे कापतात.

आता यातलं मला समजलं तेवढं शास्त्र, थोडक्यात. जाणकारांनी दुरुस्त करावं. जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, घराच्या कणगीत भात असावं तसा. जनावर मेल्यावर प्राणवायू थांबतो, पण स्नायूतली रसायनं काही तास चालूच राहतात. ती हा साठा वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात. जिवंतपणी ७ च्या आसपास असलेला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) त्यामुळे हळूहळू ५.५-५.७ पर्यंत उतरतो. मटणाचा चांगला लाल रंग, चव, टिकाऊपणा, सगळं या उतरण्यावर अवलंबून असतं. घाबरलेल्या, टकरा खाल्लेल्या, रात्रभर उभ्या राहिलेल्या बोकडाची कणगी कापण्याआधीच रिकामी होते. मग आम्ल तयार व्हायला काही उरतच नाही, पीएच ६ च्या वरच अडकतो. मांस गडद, घट्ट आणि चिकट होतं. आंबटपणा नसल्यामुळे जंतूंचं फावतं आणि ते लवकर नासतं. आपल्या दमट हवेत तर विचारूच नका.

म्हणजे वर्षभर चांगलं खाऊन वाढलेल्या बोकडाचं मटण शेवटच्या एका रात्रीत बिघडू शकतं. पाळणाऱ्याने पैसे वजनावर घेतले, दलालाने नगावर घेतले, खाटीक किलोवर घेणार. त्या रात्रीचे पैसे या साखळीत कुणालाच मिळत नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारायला सुरुवात केली तर बदलेल.

इतरांचा अनुभव काय? कोंबडीचं कसं असतं? आणि आमचा खाटीक आलेल्या बोकडाला गुळाचं पाणी पाजतो, त्याने खरंच काही होतं का?

---

बांगडा_तिखलं

शीर्षक वाचून वाटलं शाकाहाराच्या प्रचाराचा धागा आलाय, म्हणून भांडायच्या तयारीने उघडला. वाचून निवळलो. वाचनखूण साठवली आहे.

---

सहावी_शिट्टी

काहीतरीच. कडक मटणाचं कारण वय. जून बोकड तो जूनच, त्याला विमानाने आणा नाहीतर पालखीतून. आमच्याकडे कोवळा बोकड रात्री आला तरी तीन शिट्ट्यांत होतो. कच्च्या पपईचा तुकडा टाकायचा, विषय संपला. माणसाच्या ताणाचं कोण विचारत नाही आणि इथे बोकडाचं मानसशास्त्र.

---

गुरांचा_डॉक्टर

धागाकर्त्याने मुद्दा बरोबर धरलाय. थोडी भर घालतो, आणि सहावी_शिट्टी यांचंही अर्धं बरोबर आहे म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करतो.

कडकपणा दोन जातींचा असतो. एक कोलॅजनचा, म्हणजे स्नायूंभोवतीच्या पांढऱ्या पडद्यांचा आणि शिरांचा. तो वयाबरोबर वाढतो. मंद आचेवर बराच वेळ ठेवलं की कोलॅजन विरघळतं, रस्सा दाट होतो, मटण सुटतं. दुसरा कडकपणा स्नायूच्या तंतूंचाच, ते आखडून राहिल्यामुळे येणारा. त्यावर शिट्ट्या वाढवल्या तर मऊपणा येत नाही, फोडी कोरड्या पडून दोऱ्या सुटायला लागतात. तेव्हा जास्त शिजवून सुधारलं तर दोष वयाचा, जास्त शिजवून बिघडलं तर कारण दुसरीकडे शोधा. पपईतलं पपेन तंतूही तोडतं आणि पडदेही, म्हणून ती दोन्हीकडे चालते. पण जास्त झाली तर मटणाचा लगदा होतो.

आता ताण. अचानक आणि कापण्याच्या अगदी आधी बसलेला ताण वेगळा, आणि तासन् तास चाललेला वेगळा.

अचानक ताणात साठा संपलेला नसतो, उलट सगळं एकदम पेटतं. मेल्यानंतर शरीर गरम असतानाच पीएच धाडकन उतरतो. गरम आणि आंबट एकत्र आले की प्रथिनं बिघडतात, पाणी धरून ठेवत नाहीत. मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटलेलं. याला पीएसई म्हणतात. हा मुख्यतः डुकरांचा आजार. काही जातींत त्याची जनुकीय प्रवृत्तीही असते. ब्रॉयलरच्या छातीच्या मांसातही असाच प्रकार दिसतो.

लांबलेल्या ताणात तुम्ही लिहिलंय ते होतं, त्याला डीएफडी म्हणतात: गडद, घट्ट, कोरडं. कोरडं म्हणजे पाणी कमी असं नाही. पाणी आत घट्ट धरलेलं असतं, म्हणून वरून कोरडं आणि चिकट लागतं. शिजवल्यावरही आत गुलाबी राहू शकतं, कारण चढ्या पीएचला रंगद्रव्य उष्णतेने लवकर बदलत नाही. लोक त्याला कच्चं समजून आणखी शिजवतात. बैलवर्गीय जनावरांत, विशेषतः एकमेकांशी झुंजणाऱ्या नरांत हे जास्त अभ्यासलं गेलंय. शेळीही याच गटातली. तिचा स्वभावच बिथरणारा, त्यामुळे शेळीच्या मांसाचा शेवटचा पीएच मेंढीपेक्षा बऱ्याचदा चढा सापडतो.

एक गंमत सांगतो, यामुळेच लोकांचा गोंधळ होतो. ताणलेल्या जनावराचं मांस कडकच असतं असं नाही. पीएच ५.८ ते ६.२ च्या मधे अडकला तर सगळ्यांत कडक. त्याच्याही वर गेला तर मांस उलट मऊ लागतं, पण चव सपक आणि नासायला पटकन. "मऊ होतं पण मजा नव्हती" असं जे मटण असतं ना, ते अनेकदा हे.

भीतीचं "विष" मांसात उतरतं, खाणाऱ्याला बाधतं, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. तसं काही नाही. ॲड्रेनलिनचं (घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचं) काम ग्लायकोजेन जाळायचं. नुकसान त्या जळण्याने होतं. ते मांस खाऊन तुम्हाला भीती वाटणार नाही.

गुळाचं पाणी: डुकराला किंवा कोंबडीला साखर दिली तर ती सरळ रक्तात जाते. शेळी रवंथ करणारी. गूळ आधी कोटीपोटात (रवंथाच्या पहिल्या पोटात) जंतूंच्या हाती लागतो, त्याची आम्लं होतात, त्यातून पुढे यकृतात थोडी साखर बनते. म्हणजे फायदा होतो पण सावकाश, पहाटे कापायच्या बोकडाला मध्यरात्री पाजून नाही. पण त्या निमित्ताने पाणी पोटात जातं हे फार मोलाचं. पाणी प्यायलेल्या जनावराचं कातडं सहज सोलून निघतं, खाटकांना विचारा.

आणि एक दिवस विश्रांती दिली म्हणजे कणगी भरली असं समजू नका. रवंथ करणाऱ्या जनावरांत स्नायूतला साठा भरायला चारा-पाणी मिळूनही कित्येक दिवस जातात. एका दिवसाच्या विश्रांतीने नवीन खर्च थांबतो, जनावर शांत होतं, शरीरातलं पाणी भरून निघतं. तेवढंही पुष्कळ आहे.

---

सहावी_शिट्टी

डॉक्टर, कोलॅजनचं पटलं. बाकीचं पुढच्या रविवारी कुकरला विचारतो.

---

माजघर

आमची आजी कुडाळची. दुसऱ्या दिवशी कोंबडा कापायचा असेल तर आदल्या संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की, अंधारात अलगद उचलून डाल्याखाली ठेवायची. सकाळी कुणी पोराने हौसेने अंगणात पाठलाग करून धरायला घेतला तर ओरडायची, "कोंब्याक धावडायलात तर तो शिजाचो नाय!" आम्हाला वाटायचं नुसती आरडाओरड कमी व्हावी म्हणून म्हणते. यात तथ्य आहे का?

---

गुरांचा_डॉक्टर

शंभर टक्के. मेल्यावर स्नायू ताठरतो तो त्यातली ऊर्जा संपल्यावर. शांत कोंबड्यात ताठरायला वेळ लागतो. धावडवलेल्या, फडफडलेल्या कोंबड्यात ऊर्जा आधीच खर्च झालेली, म्हणून तो फार लवकर ताठरतो. आपल्याकडे कोंबडा कापला, सोलला की तासाभरात पातेल्यात. शांत असला तर ताठरायच्या आत शिजतो. धावडवला असेल तर नेमका ताठरलेला असताना विस्तवावर जातो. वडे मऊ, कोंबडी चामडं.

ताठरपणा नंतर आपोआप उतरतोही. कोंबडीत चार-सहा तासांत, बोकडात थंड जागी एक-दोन दिवसांत. म्हणून एक तर लगेच शिजवा, नाहीतर उद्या शिजवा. सकाळी सातला आणून दुपारी बाराला शिजवणं ही मधली वेळ मटणाला वाईट. आणि कृपा करून गरम मटण आणून सरळ फ्रीझरमध्ये कोंबू नका. पीएच उतरायच्या आधी १० अंशांखाली गेलेला स्नायू आखडतो, आणि शेळीच्या अंगावर चरबी कमी असल्याने ती फार पटकन गार होते. मोठे तुकडे, हाडासकट, आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझर दुसऱ्या दिवशी.

---

हर्णैचा_वारा

मटणाच्या धाग्यात मासा घालतेय, पण राहवत नाही. आमच्याकडे गरीच्या (गळाने धरलेल्या) सुरमईला ट्रॉलच्या सुरमईपेक्षा नेहमी जास्त भाव. लोक म्हणतात ताजी असते म्हणून. पण त्याच दिवशी, त्याच वेळी किनाऱ्याला लागलेल्या दोन सुरमया ठेवा, फरक कळतो. ट्रॉलच्या जाळ्यात मासा तास-दोन तास ओढला जातो, दाबला जातो, तडफडून मरतो. गरीचा मासा एकेक वर येतो, लगेच बर्फात जातो. तडफडलेला मासा लवकर ताठरतो आणि लवकर सैलही पडतो, तुकडी तव्यावर फुटते. जपानी लोक तर मासा वर घेतल्या घेतल्या मेंदूत टोचून शांत करतात, इकेजिमे म्हणतात त्याला. मुद्दा हाच ना?

---

गुरांचा_डॉक्टर

अगदी हाच.

---

रानवाट

अवांतर. गावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय की पूर्वी कुत्र्यांनी दमवलेल्या रानडुकराचं मटण काळंकुट्ट निघायचं, आणि झोपेत गाठलेल्याचं तसं नसायचं. आता कळलं का ते.

---

संपादक

पूर्वीच्या गोष्टी पूर्वीच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे. "आमच्याकडे मिळतं" छापाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

निळी_खुर्ची

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न टाळताय. हलाल की झटका? एकदा स्पष्ट बोला की.

---

बांगडा_तिखलं

आला. लाह्या घेऊन बसतो.

---

दाभोळची_खाडी

लाह्या ठेव बाजूला, भांडण होणार नाही. आमच्या घरी कुर्बानी असते म्हणून सांगतो. लहानपणापासून मोठ्यांनी जे शिकवलं ते असं: सुरी जनावरासमोर परजायची नाही. एकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला कापायचं नाही. आधी पाणी दाखवायचं. ओढत न्यायचं नाही. सुरी इतकी धारदार की दुसऱ्यांदा फिरवावी लागू नये. हे शिष्टाचार हदीसमधूनच आलेत. आता वर डॉक्टरांनी लिहिलेलं वाचा आणि सांगा यातलं काय वेगळं आहे.

पण खरं सांगायचं तर बकरीदच्या आठवड्यात हे सगळं पाळणारे जितके, तितकेच आदल्या रात्री अकरा वाजता गाडीतून बोकड उतरवून सकाळी नमाजनंतर कापणारेही आहेत. आमच्या मोहल्ल्यात जुनी पद्धत अशी की बोकड काही दिवस आधी आणायचा, पोरांनी त्याला पाला घालायचा, फिरवायचा. पोरांना लळा लागतो, रडतातही. ते रडणं कुर्बानीचा भागच आहे असं माझे वालिद म्हणायचे. मांसाला त्याचा फायदा होतो हे आज कळलं.

---

गुरांचा_डॉक्टर

निळी_खुर्ची, सुरीचा एक क्षण आणि त्याआधीचा दीड दिवस, यात मांसाच्या दृष्टीने दीड दिवस मोठा. धार, कौशल्य आणि जनावराला आवळून न धरणं, हे दोन्हीकडे तितकंच लागू. यापलीकडे या धाग्यात मी जाणार नाही.

---

संपादक

आणि इतर कुणीही जाणार नाही.

---

ठोकळा_आणि_सुरी

मी खाटकाचा मुलगा. आता दुकान मीच बघतो (जागा सांगत नाही, दोन गिऱ्हाइकं इथेच सापडतील). धागा वाचून बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी "खाटकाने फसवलं" सोडून बोलतंय.

माझ्या बाजूने हिशोब सांगतो. बोकड दोन दिवस आधी आणायचा तर जागा हवी, छप्पर हवं, पाला हवा, राखणीला माणूस हवा. रात्री ओरडला की शेजारी सकाळी दारात. प्रवासात पोटातलं आणि पाण्याचं वजन उतरतं. विश्रांतीत चारा-पाणी दिलं की काही परत येतं, पण ते पोटात येतं, फऱ्यात (पायाच्या मांसात) येत नाही. मी विकतो फरा. मग मला काय मिळालं? मटण चांगलं झालं तर गिऱ्हाईक म्हणतं बायकोने छान केलं. वाईट झालं तर खाटीक.

तरीही मी शक्यतो आधी आणतो. कारण सरळ आहे: चिकट मटण दुपारी विकलं जात नाही. सकाळी लाल खुलत नाही, दहानंतर आणखी काळवंडतं, लोक बोटाने दाबून पुढे जातात.

कायद्याचं कुणी काढण्याआधी मीच काढतो. कत्तलखान्यांचे २००१ चे केंद्रीय नियम आहेत, त्यात तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती द्या, दुसऱ्या जनावरांसमोर कापू नका, असं स्पष्ट लिहिलंय. पण त्याच नियमांत कत्तलखाना म्हणजे जिथे रोज १० किंवा जास्त जनावरं कापली जातात ती जागा. आमच्यासारखी रविवारी दोन-तीन बोकडांची दुकानं त्या व्याख्येतच बसत नाहीत. कोकणातलं बरंचसं मटण अशाच दुकानांतून येतं. म्हणजे इथे जे होईल ते खाटकाच्या इच्छेने आणि गिऱ्हाइकाच्या मागणीने.

एक गोष्ट माझ्या वडलांनी शिकवली, ती इथे कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. बोकड कधी एकटा बांधायचा नाही. एकटा बोकड रात्रभर बेंबटतो, दाव्याभोवती फिरत राहतो, सकाळी पाय थरथरतात त्याचे. दोघं एकत्र बांधा, रवंथ करत बसतात. पण दोघं एकाच कळपातले हवेत. अनोळखी असले तर अंतर ठेवून, एकमेकांना दिसतील असे.

---

खाडीपलीकडे

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा वजनदार झालाय. लग्नघरी, राखणीला (देवाच्या मानाला), आदल्या दिवशी एकच बोकड आणून मांडवाच्या खांबाला बांधतात. भोवती पोरं, लाऊडस्पीकर, कुत्री. डॉक्टर, हे एकटेपणाचं खरंच इतकं मोठं असतं?

---

गुरांचा_डॉक्टर

असतं. कळपातून तोडणं हा शेळी-मेंढीला बसणाऱ्या मोठ्या ताणांपैकी एक, रक्तातल्या कॉर्टिसॉलवरून (ताणाच्या संप्रेरकावरून) तो मोजलाही गेलाय. नुसतं उपाशी ठेवल्याने साठा फार सावकाश उतरतो. तो भराभर जळतो घाबरण्याने आणि धडपडीने. मांडवाच्या खांबाला दोन्ही आहेत.

अमेरिकेत टेंपल ग्रँडिन म्हणून प्राणीशास्त्रज्ञ आहेत. जनावर पुढे जायला का अडतं हे त्यांनी जनावराच्या उंचीवरून, त्याच वाटेने चालून बघितलं. जमिनीवरची सावली, लोंबणारी साखळी, चमकणारं पाणी, कुंपणावर टाकलेला कोट, असल्या गोष्टींना ती बिचकतात, मग माणूस काठी काढतो. त्यांनी वळणदार वाटा आणि बंद भिंतींचे मार्ग आखले, ते तिकडच्या मोठ्या कत्तलखान्यांनी उचलले. आपल्या दोन बोकडांच्या दुकानाला तेवढं काही नको. मागच्या दाराची वाट उजेडात ठेवा आणि तिथे रक्ताची बादली ठेवू नका.

---

पत्र्याची_शेड

पेणच्या बाजूला आमची ब्रॉयलरची शेड आहे, कोंबडीचं मी सांगतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून उष्णता काढते. कोकणातल्या मे महिन्यात हवा इतकी दमट की धापा टाकूनही गार होत नाही. म्हणून गाडी रात्री भरायची आणि उजाडायच्या आत पोचवायची. क्रेटमध्ये गर्दी कमी, मधून वारा जायला हवा. भरण्याआधी आठ ते बारा तास खाद्य बंद, पाणी चालू. खाद्य चालू ठेवलं तर पोट भरलेलं राहतं, सोलताना घाण मांसाला लागते. फारच उपाशी ठेवलं तर आतडी नाजूक होऊन फाटतात, तीच घाण.

धरताना एका पायाने उचलून फेकली तर मांडीत रक्त साकळतं. तो निळा डाग गिऱ्हाईक रोग समजतं. आणि दुकानात उलटी लटकवून पंख फडफडवू देणं हे छातीच्या मांसाला सगळ्यांत वाईट. पत्र्याचं नरसाळं मिळतं, त्यात डोकं खाली करून घातली की पंख आवळून राहतात, फडफड थांबते. साधी वस्तू आहे. बसवा म्हटलं की दुकानदार हसतात.

---

ओवसा_२

मी रोह्याची, लग्नानंतर गोरेगावकर. वाचून एक व्यवहाराचा प्रश्न. दिसायला मटण कसं ओळखायचं? दुकानात कोण पीएच मोजणार?

---

ठोकळा_आणि_सुरी

ताई, ताजं कापलेलं सगळंच थोडं गडद असतं, हवा लागली की लाल खुलतं. पंधरा-वीस मिनिटांनीही खुललं नाही, जांभळट-काळं राहिलं, तर शंका घ्या. बोट टेकवा. चांगलं मटण ओलसर लागतं, हे गोंदासारखं ओढतं. चरबी बघा, चरबी पांढरी आणि दात कोवळे असूनही मांस काळं असेल तर कारण वय नाही. मुंडी दुकानात असेल तर दात बघता येतात, विचारा, लपवणारा खाटीक कळेलच.

असं मटण आधीच घरी आलं असेल तर फेकायची गरज नाही. त्याच दिवशी शिजवा, रस्सा करा, ठेवू नका.

---

माजघर

आणि आपली कोकण कन्याळ शेळी? सिंधुदुर्गातली, पावसात राहायची सवय असलेली, घाट नको नि टेम्पो नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर इतकं काम केलंय. स्थानिक बोकड स्थानिक दुकानात गेला तर हा अर्धा प्रश्न सुटेल.

---

खाडीपलीकडे

पटतं, पण माझ्या तालुक्यात वर्षभर पुरतील इतके स्थानिक बोकड नाहीत. पोरं मुंबईला, शेळ्या राखायला कुणी नाही. घाट राहणारच. म्हणून टेम्पो आणि सुरी यांच्यामधल्या वेळेबद्दलच बोलतोय.

आमच्या वाडीत यंदा ठरलंय. तीन घरं मिळून दोन बोकड, एकाच मालकाच्या कळपातले, गौरींच्या तीन दिवस आधी आणायचे. जुना गोठा रिकामा आहे, त्यात बांधायचे. खाटकाला त्याच्या नेहमीच्या दरावर वरचे थोडे पैसे, तोही तयार झालाय. फणसाचा पाला परसात हवा तेवढा. ठोकळा_आणि_सुरी, काही राहिलं का?

---

ठोकळा_आणि_सुरी

फणसाचा पाला चालेल, पण पावसात निथळणारा घालू नका, हगवण लागते. पाला आदल्या दिवशी कापून पडवीत टांगा. कापायच्या आदल्या संध्याकाळनंतर पाला बंद, पाणी मात्र चालू. गोठ्याकडे कुत्रा फिरकणार नाही एवढं बघा. सकाळी दोघांना एकदम सोडू नका. पहिल्याला नेताना दुसऱ्यासमोर कुणीतरी बसून राहा. खाटकाला सांगा सुरी घरूनच परजून आण.

आणि वरचे पैसे आधी द्या हो. नंतर देतो म्हणणारे खूप बघितलेत.